वरातीचा ताप

एका सहीवर बाबालाल मास्तरांना बरंच काही मिळणार होतं. मी ते मनातल्या मनात मोजून ठेवलं होतं, कारण माणसाला मशीनपुढे बसवून नाकाला चिमटा लावला की तो शांत होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात मला दुसरं काम नसतं. टेकडीवरच्या निवासी शाळेत बँडमास्तरची कायम जागा. शाळेच्या मागे दोन खोल्या, नळ घरात. वर आणि खाली एकाच रंगाचा गणवेश, कारण त्यांच्या स्वतःच्या बँडात कोट लाल आणि पँट ज्याची जी धुतलेली असेल ती. रविवारी सुटी. आणि चाल ऐन रंगात आलेली असताना नवऱ्याचा प्यालेला मामा येऊन गळ्यात पडणार नाही, हा फायदा तर त्यांनी स्वतःच मला सांगितला होता. एवढं सगळं मिळायला एक कागद कमी होता. छातीच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं, की या माणसाचा दम ठीक आहे.

"नाक कशाला बांधता बाई दरवेळी?" मास्तर गेंगाण्या आवाजात म्हणाले. "आमचं निम्मं काम नाकातच चालतंय."

"म्हणूनच बांधते. तोंडानं फुंकायचं आणि नाकानं गुपचूप भरून घ्यायचं, ही बँडवाल्यांची चलाखी मशीनला चालत नाही."

"मशीनला कळतंय व्हय?"

"मशीनला नाही, मला कळतं. भरा छाती. भरा, भरा, भरा. आता सोडा. जोरात, जोरात, जोरात, अजून, अजून, अजून, तोडू नका, अजून…"

मिरजेतल्या त्या दवाखान्यात मी हे शब्द दिवसातून तीस-चाळीस वेळा ओरडत असे. शेजारच्या इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिले आठ दिवस त्यांना वाटायचं, इथे कुस्त्या लागतात. चौदा वर्षं मी फुंकणीच्या मशीनवर होते. छातीवर पदकं लावून आलेला पैलवान मांजरासारखा फुंकताना पाहिला आहे आणि काडीसारखी भाजीवाली मशीनची सुई पार पलीकडे नेताना पाहिली आहे. प्रत्येकाचा आकडा मी लांबड्या वहीत लिहायची. कॉम्प्युटर आला तरी वही सोडली नाही. कॉम्प्युटरमध्ये माणूस एका तारखेपुरता दिसतो, वहीत ओळीनं दिसतो.

त्या दिवशी मास्तरांनी तीन वेळा फुंकलं. सगळ्यात चांगला आकडा दोन पूर्णांक आठ लिटर. चव्वेचाळिशीच्या, त्यांच्या उंचीच्या माणसाला तीनच्या पुढे हवा, पण मे महिन्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा एक पूर्णांक नऊवर होते. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबलेले. त्याआधी दोन डॉक्टरांनी दोनदा क्षयाची औषधं देऊन झाली होती. क्षयाचे जंतू कुणालाच सापडले नव्हते, पण खोकणाऱ्या गरीब माणसाला क्षय नाही म्हणायला डॉक्टरांना जरा धीर लागतो.

तो धीर आमच्या डॉक्टर सुनीती उपाध्ये यांच्याकडे होता. बाई बोलायला कमी, विचारायला जास्त. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुमच्या नाकातोंडात काय काय जातं, ते क्रमानं सांगा." माणसं हसायची. मग हळूहळू चूल निघायची, गिरणीचं पीठ निघायचं, गच्चीवरची कबुतरं निघायची, हळदीच्या गोदामातली धूळ निघायची. मास्तरांकडून मे महिन्यात निघाला होता वरातीतल्या जनरेटरचा धूर आणि फटाक्यांचा धूर. विडी दहा वर्षांमागे सुटलेली. मॅडमनी गोळ्या दिल्या, ओढायचा पंप दिला, पंप कसा ओढायचा ते चार वेळा करून घेतलं आणि सांगितलं, जनरेटरच्या पुढे चाला, मागे नको.

"दोन आठ," मॅडम वही बघत म्हणाल्या. "छान आहे की मास्तर."

"तुमची कृपा. परवा सोमवारी कागद शाळेत पोचला पाहिजे. पाच वाजेपर्यंत."

"कधीपासून सांगताय. आणलाय का?"

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून छापील कागद काढला. चार घड्या, पण एक डाग नाही. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

खरं सांगते, मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मला तो माणूस आवडायचा. दर वेळी येताना रांगेतल्या दोघा-चौघांना हसवून यायचा. त्याला दोन खोल्या मिळाल्या तर माझं काय जात होतं? पण वहीवर बोट ठेवलेलं होतं आणि बोटाखाली पाच आकडे ओळीनं होते. आकडे ओळीनं दिसले की माझी जीभ ताब्यात राहत नाही. माझ्या नवऱ्याचीही तीच तक्रार होती.

"मॅडम, मागचे आकडे बघितले का?"

"बघितले. सुधारणा आहे."

"सुधारणा नाही मॅडम. पंचांग आहे."

टोपण हातात तसंच राहिलं.

"मेमध्ये आले तेव्हा लग्नसराई भरात होती. एक नऊ. जुलैच्या अखेरीला दोन सहा. श्रावणात दोन नऊ. तेव्हा आपण खूश झालो. मग गणपतीत दहा दिवस वाजवलं, विसर्जनानंतर आले तेव्हा दोन एक. आता पितृपंधरवडा. पंधरवड्यात बँड कोण सांगतंय? आज सर्वपित्री अमावास्या, पंधरा दिवसांची विश्रांती झालेली. दोन आठ. औषध मेपासून तेच, तेवढंच. औषधानं आकडा वाढला असता तर गणपतीत उतरला नसता."

मास्तर माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. पत्त्याच्या डावात शेजारच्यानं आपली पानं मोठ्यानं वाचून दाखवावीत, तसं.

"मास्तर," मॅडमनी विचारलं, "तपासायला आजचाच दिवस का निवडलात?"

"कागद सोमवारी द्यायचाय म्हणून."

"कागद तुमच्याकडे तीन आठवडे आहे. विसर्जनानंतर आलात तेव्हाही खिशात होता. तेव्हा का नाही काढलात?"

मास्तरांनी नाकाचा चिमटा बोटात फिरवला. "वाजवलं की दम लागतोय, हे मला ठावं हाय मॅडम. लपवायचं काय त्यात? म्हणून तर नोकरी धरायची. शाळेत शिकवायचं असतंय, दिवसभर वाजवायचं नसतंय. वाजवणं कमी, दम जास्त. तुम्ही सही केली की माझं दुखणं बी गेलं, तुमचं काम बी झालं."

युक्तिवाद वाईट नव्हता. मी असते तर सही केली असती.

"शाळेत अजिबात वाजवायचं नाही?"

"रोज सकाळी झेंड्याला. तेवढं तर करावंच लागतंय."

मॅडमनी टोपण पेनाला लावलं. "उद्या सकाळी आठ वाजता या. तुमची क्लॅरिनेट घेऊन."

"उद्या घट बसतात मॅडम. आईतवार बी हाय."

"म्हणूनच. बाहेरचे पेशंट नसतील."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले ते काळी पेटी काखेत धरून, इस्त्रीचा लाल कोट घालून. त्यांना वाटलं होतं, मॅडमना ऐकायचं आहे. आधी फुंकून घेतलं, दोन पूर्णांक आठ, कालचाच आकडा. मग आतल्या आठ खाटांपासून लांब, मागच्या व्हरांड्यात त्यांना उभं केलं.

"एक तास वाजवा," मॅडम म्हणाल्या. "वरातीत वाजवता तसं. हात राखून नको."

"हात राखून वाजवायला मला येतच न्हाई."

आणि त्यांनी वाजवलं. मी मिरजेची, गाणंबजावणं मला नवं नाही, पण बँडवाल्याची क्लॅरिनेट मी आजवर जनरेटरच्या आवाजातच ऐकली होती. ती एकटी ऐकली तेव्हा कळलं की या माणसाला त्या लाल कोटात किती वर्षं वाया घालवलंय. आत सहा नंबरच्या खाटेवर ऑक्सिजन लावलेले कुलकर्णी गुरुजी होते, निवृत्त मुख्याध्यापक, कुणालाच पास न करणारे. त्यांनी नळी बाजूला करून मला बोलावलं.

"त्यांना म्हणावं, ती सासरी निघतानाची चाल घ्या."

"गुरुजी, नळी लावा."

"लावतो. आधी सांगून या."

मास्तरांनी ती चाल घेतली. गुरुजींनी नळी लावली आणि डोळे मिटले. दोन नंबरच्या आजी मात्र उठून बसल्या आणि विचारू लागल्या, कुणाचं लग्न आहे आणि आपल्याला निरोप कसा नाही.

नऊ वाजता मास्तर थांबले. घामाघूम, पण खूश. मी लगेच फुंकून घेतलं. दोन पूर्णांक आठ.

"बघा," ते म्हणाले. "एक तास वाजवून बी तेवढंच. करा सही."

"बसा," मॅडम म्हणाल्या. "चहा घ्या. तासातासाला फुंकायचंय."

दहाला दोन आठ. अकराला दोन आठ. बाराला दोन आठ. मास्तर आता उघडच हसत होते. "मगदूमबाई, तुमच्या पंचांगाचं काय झालं? आमच्या ढोलवाल्या मुल्लाचाचाला मुहूर्त तुमच्यापेक्षा जास्त पाठ हाईत." मी खाली मान घालून आकडे लिहीत होते आणि सांगायला लाज वाटते, पण मला माझं चुकलेलं असावं असं वाटत होतं आणि बरोबर असावं असंही वाटत होतं.

एक वाजता दोन सात. मशीनची तेवढी चूक होतेच. दोन वाजता दोन चार. मास्तर हसायचे थांबले. तीन वाजता ते कोटाची बटणं लावू लागले. ऑक्टोबरचं ऊन होतं, व्हरांड्याची फरशी तापली होती.

"थंडी वाजतेय का?" मॅडमनी विचारलं.

"थोडी. हे नेहमीचं हाय."

"नेहमीचं म्हणजे?"

"वरातीचा ताप."

मॅडमनी खुर्ची ओढली. "तो काय असतो?"

"म्हणजे सकाळी वरात वाजवली की दुपारी येतोय, संध्याकाळी वाजवली की पहाटंला. अंग मोडून येतं, थंडी वाजते, खोकला. दुसऱ्या दिवशी जातोय. आमच्या घरात सगळ्यांना यायचा. अब्बा म्हणायचे, वाजवून ताप आला न्हाई म्हणजे वाजवलंच न्हाई. ज्याला ताप येतो तो खरा वाजवणारा."

"मे महिन्यापासून तुम्ही मला हे सांगितलं नाहीत."

"तुम्ही दुखणं विचारलं. हे दुखणं न्हाई मॅडम, ही आमची मजुरी हाय."

चार वाजता दोन पूर्णांक शून्य. ताप एकशे एक. पाठीवर नळी ठेवली तर खालच्या बाजूला कोरडी पानं चुरगाळल्यासारखा आवाज. मॅडमनी मलाही ऐकवला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, नाकातोंडात काय काय जातं," मॅडम म्हणाल्या. "क्लॅरिनेट सांगितली नाहीत."

मास्तर थंडीतही चकित झाले. "ती कशी सांगणार? तिच्यात आम्ही फुंकतो. हवा बाहेर जाते. आत काय येतंय?"

"आणि पुढचा दम कुठून घेता?"

"निम्मा नाकानं, निम्मा तोंडाच्या कडेनं."

"तेव्हा क्लॅरिनेट कुठे असते?"

"तोंडातच," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वळून काळ्या पेटीकडे बघितलं.

मॅडमनी त्यांना गोळी दिली, पांघरूण दिलं आणि मग जे सांगायचं ते सांगितलं. आज जे झालं ते थकव्यानं झालं की क्लॅरिनेटच्या आत काही आहे त्यानं झालं, हे त्यांना अजून माहीत नव्हतं. आठ दिवसांनी, आकडा वर आला की, दुसऱ्या क्लॅरिनेटवर तेवढाच वेळ, तेवढ्याच जोरात वाजवायचं. तेव्हाही आकडा पडला तर दोष वाजवण्याचा. नाही पडला तर दोष या पेटीतल्या वस्तूचा.

"आठ दिवसांनी?" मास्तर उठून बसले. "कागद उद्या द्यायचाय."

"माहीत आहे."

"कालचा दोन आठ खोटा होता का?"

"खरा होता. आजचा दोन शून्यही खरा आहे. दोन्ही लिहून देते, त्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे."

"दोन्ही लिहिलं तर ते काय ठरवणार? त्यांना एक शब्द पाहिजे. ठीक हाय."

"तो शब्द माझ्याकडे आज नाही, मास्तर. आज तो लिहिला तर रोज सकाळी झेंड्याला तुम्ही यातच फुंकणार. शाळेत घर मिळेल, पण त्या घरात तुम्ही किती वर्षं राहाल?"

मास्तरांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि आतल्या खिशात ठेवला. जाताना मॅडमना नमस्कार केला. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही वही फार छान लिहिता."

सोमवारी कागद गेला नाही. जागा सांगलीच्या तिशीतल्या एका पोराला मिळाली, जो ट्रंपेट वाजवायचा आणि ज्याच्या छातीला कुणीच नळी लावली नाही.

आठ दिवस झाले, नऊ झाले, मास्तर आले नाहीत. दहाव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "मगदूमबाई, तुम्ही जाऊन आणा."

"मी? मला बघून ते पेटी डोक्यात घालतील."

"घालतील तर निदान पेटी हाताशी येईल. मला क्लॅरिनेटच्या आतून कापसाचा बोळा फिरवून तपासायला पाठवायचाच आहे."

बँडचं दुकान म्हणजे मार्केटच्या मागच्या गल्लीत रस्त्याकडे उघडणारी एक खोली. भिंतीला ढोल, खुंट्यांवर लाल कोट, कोपऱ्यात जनरेटर. मास्तर खुर्चीवर बसून कुणाच्या तरी ट्रंपेटला पितांबरी लावत होते.

"या," ते म्हणाले. "नोकरी खाल्लीत, आता पोट भरलं का न्हाई बघायला आलात?"

"अजून भूक आहे. पेटी दाखवा."

ते हसले नाहीत, पण पेटी पुढे सरकवली. मी झाकण उघडलं आणि वासानंच मागे सरले. पावसाळ्यात बंद राहिलेल्या न्हाणीघराचा वास. आत मखमल, मखमलीत तुकड्यातुकड्यांची काळी क्लॅरिनेट आणि मधोमध ओल्या कापसाचा एक गोळा.

"हा कापूस कशाला?"

"ओल राहायला. लाकूड वाळलं की चिरतंय, सूर कोरडा होतोय. वाजवून झालं की तशीच ठेवायची, पुसायची न्हाई. वर ओला कापूस. आजोबांपासून चालत आलंय. आतली ओल म्हणजे बरकत."

"आतून कधी पुसलीच नाही?"

"आतून हात लावायचाच न्हाई. त्यात सगळ्यांचा दम हाय."

हे ते अगदी सरळ म्हणाले. माझं लक्ष मात्र झाकणाकडे गेलं होतं. झाकणाच्या आत पितळी पट्टी होती आणि पट्टीवर खिळ्यानं कोरल्यासारखी नावं होती, प्रत्येकापुढे साल. हुसेनसाब १९३१. महंमद १९४४. अब्दुलरज्जाक १९५८. शौकत १९७४. बाबालाल १९८७.

मला आकडे ओळीनं दिसायला नको होते.

"ही सालं कसली?"

"ज्यानं ज्या साली हातात घेतली ते."

"आणि हातात कधी घ्यायची?"

"वरचा गेला की."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला, बाई. असं काय विचारता? हुसेनसाब आजोबा. ते गेल्यावर महंमद. मग अब्बा. मग माझा थोरला भाऊ शौकत. मग मी."

"कशानं गेले?"

"दम्यानं. सगळेच. आमच्या खानदानात हाय तो."

मी बोटानं मोजलं. तेरा वर्षं. चौदा. सोळा. तेरा. एकोणीसशे नव्याण्णव साल चालू होतं, म्हणजे बाबालाल मास्तरांचं बारावं. मी ते बोलले नाही. एवढं तरी शहाणपण मला होतं. पण एक गोष्ट जुळत नव्हती.

"हे महंमद तुमचे कोण? काका?"

"न्हाई. आत्याचे यजमान. बार्शीचे. आजोबा गेले तेव्हा अब्बा लहान होते, म्हणून मधे त्यांनी बँड सांभाळला."

"म्हणजे जावई."

"जावई."

"मग मास्तर, तुमच्या खानदानातला दमा बार्शीच्या जावयाला कसा झाला?"

ट्रंपेटवरचा फडका थांबला. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मास्तर उठले, पट्टीजवळ वाकले आणि आपलंच नाव पहिल्यांदा वाचावं तसं प्रत्येक नाव वाचत खाली आले. शेवटच्या सालावर थोडा वेळ थांबले. त्यांनाही मोजता येत होतं. तालाचा माणूस, मोजण्यात तो माझ्या पुढेच असणार.

"खाली जागा मोकळी आहे," मी म्हटलं. "सहावं नाव कुणाचं?"

"शौकतचा अल्ताफ. बावीस वर्षांचा हाय. आता दुसरी क्लॅरिनेट वाजवतोय. माझ्यापेक्षा गोड." मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "परवा मला म्हणत होता, चाचा, तुम्हाला ताप येतो तसा मला कधी येणार?"

त्यांनी पेटी बंद केली, काखेत मारली आणि कोट घातला.

"चला. तुमची रिक्षा हाय का चालत आलाय?"

दुसऱ्या परीक्षेसाठी मॅडमनी एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून प्लॅस्टिकची नवी क्लॅरिनेट आणवली होती. मास्तरांनी ती हातात घेतली आणि दोन बोटांनी मेलेली पाल धरावी तशी धरली. "बादलीत तोंड घालून फुंकल्यासारखं होणार मॅडम."

"बादलीत फुंका. पण जोरात फुंका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते नऊ. आधी दोन पूर्णांक सात. गुरुजी अजून सहा नंबरवर होते, त्यांनी तीच चाल मागितली आणि ऐकल्यावर म्हणाले, मागच्यापेक्षा दहा गुण कमी. मग आम्ही थांबलो. बाराला दोन सात. दोनला दोन आठ. तीनला मास्तर स्वतःच कपाळाला हात लावून बघायला लागले. चारला दोन सात. पाचला दोन आठ. ताप नाही, थंडी नाही.

असा निकाल लागला की माणूस आनंदानं उठतो. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाले, "अब्बांना किती अभिमान होता त्या तापाचा."

मी वहीत पाच वाजताचा आकडा लिहिला आणि पुढे तारीख घातली.

पेटीतला कापूस आणि क्लॅरिनेटच्या आतून फिरवलेला बोळा प्रयोगशाळेत गेला, त्यातून दोन तऱ्हेची बुरशी उगवली. मॅडमनी ती काचेची थाळी मास्तरांना दाखवली. मग बँडच्या अकरा जणांना ओळीनं बोलावून मी फुंकून घेतलं. आणखी दोघांचे आकडे खाली होते, कारण मास्तरांचा गुण घेऊन तेही आपापल्या वाद्यात ओल जपत होते. त्या दिवसापासून दर वरातीनंतर वाद्यं आतून पुसायची, उन्हात सुकवायची, हे काम मास्तरांनी स्वतःकडे घेतलं आणि ते काटेकोरपणे केलं. काळी क्लॅरिनेट त्यांनी जाळली नाही, विकली नाही. घरात उंचावर ठेवली. पेटीसकट, कुलूप लावून.

कायम नोकरी त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही. वय गेलं. सांगलीचा तो ट्रंपेटवाला दोन खोल्यांत राहून गेल्या वर्षी निवृत्त झाला. मास्तर अजून कधीतरी मंडईत भेटतात. बरोबरच्या माणसाला माझी ओळख करून देतात, "ह्या मगदूमबाई, माझी नोकरी खाल्ली," आणि मला कोथिंबिरीची जुडी घेऊन देतात. उपाध्ये मॅडम दवाखाना बंद करून मुलीकडे गेल्या. वह्या माझ्याकडे आहेत. त्यातल्या एका पानाच्या मागे, त्या दिवशी दुकानातून आल्यावर, मी पितळी पट्टीवरची नावं उतरवून ठेवली होती. त्यापुढचा रकाना, त्या क्लॅरिनेटची किंमत कुणी किती मोजली याचा, मात्र मी परवा भरला.

हुसेनसाब, तेरा वर्षं वाजवलं, जीव दिला. महंमद, बार्शीचे जावई, चौदा वर्षं, जीव दिला. अब्दुलरज्जाक, सोळा वर्षं आणि जीव. शौकत, तेरा वर्षं आणि जीव. बाबालाल, बारा वर्षं, त्यावर एक नोकरी, दोन खोल्या, सगळे रविवार आणि तापाबद्दलचा वडिलांचा शब्द. वय आता एकोणसत्तर, जिना न थांबता चढतात.

अल्ताफ, काही नाही.